मळक्या गाडीचा दंड

विद्यापीठातल्या एका संशोधक बाईंनी माझ्या गोडाऊनमधल्या गॅस कटरला, म्हणजे गॅसनं लोखंड कापणाऱ्या माणसाला, फसवलं. माझ्या पत्र्याखाली बसून, माझ्या घरचं जेवण जेवून आणि माझ्या वजनकाट्याच्या दांडीला हात लावून फसवलं. बाई आमच्या वैरी नव्हत्या, आमच्या बाजूनं बोलणाऱ्या होत्या. वैऱ्यानं फसवलं तर माणूस दोन शिव्या हासडून मोकळा होतो. आपल्या बाजूच्या माणसानं फसवलं की ते गिळता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझं भंगारचं गोडाऊन ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला, महाप्याच्या अलीकडे आहे. मी माणदेशातून आलो तेव्हा दिघ्यात हातगाडी घेऊन पत्रा-बाटली गोळा करायचो. तिथून कारखान्यांच्या जुन्या टाक्या, बॉयलर, पाइप लिलावात घेण्यापर्यंत पोचलो, ते घासाघीस करून. मला राग लवकर येतो हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. सौद्यात त्याचा उपयोगही व्हायचा. समोरचा म्हणायचा, द्या याला, नाहीतर हा इथंच ओरडत बसेल.

जेलमधून सुटलेली माणसं मी कामाला घ्यायचो, त्यात दया नव्हती. ज्या मालाला कुणी हात लावत नाही त्यातच फायदा असतो, हे मला भंगारानं शिकवलं होतं. ही माणसं वेळेवर यायची, सांगितलेलं काम पुरं करायची आणि गणपतीला गावी गेली तर परत यायची. पोलीस अधूनमधून येऊन सतावत. त्यांच्याशी भांडायला मी होतोच.

आमच्याकडे एक रीत होती. नवा माणूस आला की पहिल्या दुपारी जेवताना त्यानं आपली हकीकत सांगायची. काय केलं, किती भोगलं, घरच्यांना काय सांगून ठेवलंय. एकदाच. त्यानंतर ती गोष्ट कुणी काढायची नाही, चेष्टेतही नाही आणि भांडणातही नाही. सांगायची अशासाठी, की न सांगितलेली गोष्ट बाकीचे मिळून बनवतात आणि बनवलेली गोष्ट खऱ्यापेक्षा नेहमी वाईट असते. जो ती पुन्हा काढेल त्यानं त्याच दिवशी गोडाऊन सोडायचं. माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं एकदा दारूच्या भरात एकाची हकीकत त्याच्या तोंडावर फेकली. मी त्याला हाकलला. बायको किती दिवस माझ्याशी बोलली नाही ते विचारू नका.

बाई पहिल्यांदा आल्या त्या वाशीहून रिक्षानं, भर उन्हात. सुती पंजाबी ड्रेस, डोक्यावर ओढणी आणि हातात पाण्याची बाटली. मी टेम्पोवाल्याशी वजनावरून भांडत होतो. त्या भांडण संपेपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुम्ही बरोबर होतात, पण तो दमला होता."

"दमलेल्याशीच भाव करायचा असतो, मॅडम. बसा. काम काय?"

"समाज कुणाला गुन्हेगार म्हणतो, आणि एकदा म्हटल्यावर त्या माणसाचं काय होतं, याचा मी अभ्यास करते."

"हे तर मी तुम्हाला चहा संपायच्या आत सांगतो."

"मग मला चहा सावकाश प्यायला हवा," त्या म्हणाल्या.

बाई मला आवडल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांचं काम काय आहे ते त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. तळोज्याकडे एका खाजगी कंपनीला बंदिस्त कारखाना काढायचा होता. शिक्षा संपत आलेले कैदी तिथं ठेवायचे. पहारा कंपनीचा, जेवण कंपनीचं, कामही कंपनीचंच. तसा प्रस्ताव सरकारकडे गेला होता आणि बाईंचा त्याला विरोध होता.

"जेल चालवून कुणाला नफा व्हायला लागला," त्या म्हणाल्या, "तर ते रिकामं राहावं असं त्याला कशाला वाटेल?"

"लॉजवाला खोली रिकामी ठेवत नाही," मी म्हणालो.

"हेच. मला हे दाखवायचंय की सुटलेला माणूस कुलपात नाही, साध्या कामावर, साध्या माणसांत सुधारतो. तुमच्याकडे ते रोज घडतंय."

यात माझाही स्वार्थ होता. तो कारखाना टाक्या कापण्याचं कामच घेणार होता. ज्या मजुराला फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही, त्याच्या मजुरीशी मी कसा टिकणार होतो? तेव्हा बाईंचा अभ्यास पुरा व्हावा असं मलाही वाटत होतं. पण फुकट मी काही देत नाही. मी अट घातली. कुणाचं नाव यायचं नाही. आणि जे लिहाल ते छापायच्या आधी इथं येऊन मराठीत, सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. ज्याची गोष्ट असेल तो म्हणेल ते खोडायचं.

"सगळं खोडायला सांगितलं तर?"

"तर सगळं खोडायचं."

त्यांनी थोडी घासाघीस केली. वाक्य खोडू, पण निष्कर्ष माझा राहील, असं म्हणाल्या. ते मी मान्य केलं. मग मी त्यांना काट्यापाशी नेलं. आमच्या धंद्यात कागद नंतर होतो. दोघांनी काट्याच्या दांडीला हात लावला की सौदा पक्का. त्यांनी हात लावला. तळव्याला काळं वंगण लागलं तेव्हा हसल्या आणि म्हणाल्या, "ही सही धुतली तरी जाणार नाही."

त्यानंतर त्या येत राहिल्या. जेवायला आमच्यात बसायच्या. माझ्या घरची बाजरीची भाकरी आणि सुकटीची चटणी त्यांना चालायची. जेवताना त्या कधी लिहीत नसत. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, आणि एकजण तर त्यांना बघून शर्टाची बटणं लावायला लागला, त्यावरून त्याची फार थट्टा झाली.

अशाच एका दुपारी नवा कटर आला. चिपळूणकडचा माणूस, अंगानं वाळलेला, बोलायला मऊ. गॅस कटिंग तो जेलच्या कारखान्यात शिकला होता. मी सकाळी त्याला एक गंजकी टाकी दिली होती. त्यानं ती अशी कापली की कडा हातानं चाचपल्या तरी बोट कापलं नसतं. दुपारी भाकरी हातात घेऊन त्यानं रीतीप्रमाणे सांगितलं.

"दिघ्यात नळावर भांडण झालं. मी ढकलला. तो पायरीवर आपटला तो उठलाच नाही. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागलेली. मी आत असतानाच बायको तापानं गेली. मुलगी बहिणीनं वाढवली, इथंच दिघ्यात. बहिणीनं तिला सांगितलंन, बाप मस्कतला आहे. आमच्याकडं घरटी एक माणूस आखातात, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही."

"आणि सुटून आल्यावर?" कुणीतरी विचारलं.

"सुटायच्या आधी तयारी केली. बराकीत एक मलबारी होता, खरोखर मस्कतला राहिलेला. त्याच्याकडून सगळं शिकून घेतलं. समुद्र कुठल्या बाजूला, दुकानं कधी मिटतात, पाव कसला मिळतो. सुटलो तो आधी बंदराकडच्या बाजारात गेलो. फॉरेनचा साबण घेतला, एक बॅग घेतली आणि मग घरी गेलो. आता मुलगी रोज विचारते, पप्पा, मस्कतचं सांगा. तिला एक गोष्ट फार आवडते. तिकडं गाडी मळकी दिसली तर पोलीस दंड करतात."

"मग आपल्या शेठचा टेम्पो तिकडं जप्तच," एकजण म्हणाला. सगळे हसले. बाई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

कटर हसला नाही. म्हणाला, "तिची दहावी झाली की सांगणार आहे. माझ्या तोंडानं. तोवर मस्कतच."

तिथं ती गोष्ट संपली. आमच्या लेखी ती पुरली गेली. पुढं तो रोज येत होता, काम करत होता. कधी मुलीचं प्रगतिपुस्तक आणून दाखवायचा. तिला मराठीत मार्क चांगले होते. निबंध छान लिहिते असं म्हणायचा.

बाई हळूहळू यायच्या बंद झाल्या. मी समजलो, लिहीत असतील. वाचायला येतील तेव्हा चहाबरोबर काय ठेवायचं हे मी बायकोला सांगूनही ठेवलं होतं.

एका सोमवारी दुपारी कटरची मुलगी शाळेच्या कपड्यांतच गोडाऊनच्या फाटकात येऊन उभी राहिली. दप्तर पाठीला होतं. मला वाटलं घरी कुणी आजारी आहे. कटरनं चष्मा वर केला, मुलगी दिसताच कापायचा टॉर्च बंद केला आणि हात पुसत पुढे गेला.

"काय गं? शाळा सुटली?"

"पप्पा," ती म्हणाली, "मस्कतमध्ये मळक्या गाडीला दंड किती असतो?"

तो बिचारा हसला. रोजचाच प्रश्न होता. "ते पोलिसावर असतं. जास्त मळकी असली तर..."

"तुम्हाला कुणी सांगितलं? पोलिसानं की बराकीतल्या माणसानं?"

कटरनं एकदा माझ्याकडं बघितलं.

मग तिनंच सांगितलं. रडत नव्हती. रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. त्यांच्या वर्गशिक्षिका चांगलं लिखाण मुलांना वाचून दाखवायच्या, तसा त्यांनी तो वर्गात वाचला. सुटलेला कैदी, भंगारचं गोडाऊन, मुलीसाठी शिकलेलं मस्कत, फॉरेनचा साबण. आणि मळक्या गाडीचा दंड. हा दंड तिनं स्वतःच्या निबंधात लिहिला होता, आणि तो निबंध सहामाहीत याच वर्गात मोठ्यानं वाचला गेला होता.

"दंडाचं वाक्य आलं," ती म्हणाली, "आणि अख्खा वर्ग माझ्याकडं वळला. आमच्या बाई पण वाचायच्या थांबल्या."

"नाव होतं का?" मी विचारलं.

"नाव नव्हतं, काका. नाव नसलं तरी सगळे माझ्याकडंच बघत होते ना."

कटर काहीतरी बोलायला गेला. तिनं त्याला बोलू दिलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"ह्या सगळ्यांना?"

"हो."

"म्हणजे फक्त मलाच नव्हतं." ती दप्तराचा पट्टा ओढत राहिली. "जेलचं मला काय नाय. पण मी सगळ्यांना मस्कत सांगत होते. मैत्रिणींना, त्यांच्या आयांना. तुम्ही मला खोटं पाठ करायला लावलंत, पप्पा, आणि खरं मी पेपरातनं ऐकलं."

ती गेली. तो तिच्या मागं गेला नाही. जागेवरूनच मला म्हणाला, "शेठ, मी सांगणार होतो. मला सांगायचं होतं." मग सिलिंडरची चावी घट्ट केली, नळी गुंडाळून नेहमीच्या खिळ्याला अडकवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. मी त्याच्या बहिणीच्या खोलीवर गेलो तेव्हा कळलं, मुलगी आत्येजवळच राहणार आणि बापाशी बोलणार नाही. शाळासुद्धा तिनं बदलून मागितली होती.

बाई मला सापडल्या वाशीच्या एका सभागृहात. तुरुंग खाजगी हातात द्यावेत की नाही, यावर परिसंवाद होता. दारावरच्या मुलानं विचारलं, "कुठल्या संस्थेकडून?" मी म्हणालो, "भंगार," आणि आत गेलो. बाई इंग्रजीत बोलत होत्या. मला इंग्रजी धंद्यापुरतं येतं. पण त्यांनी 'मस्कत' म्हटलं तेव्हा सभागृह हळहळलं, आणि गाडीच्या दंडाला हसलं. माझ्या पत्र्याखाली हसले होते तसंच. फरक एवढाच, की माझ्या पत्र्याखाली हसणाऱ्या प्रत्येकानं, बाई सोडून, आधी स्वतःची गोष्ट सांगितलेली होती.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. मला बघून त्यांना आनंद झाला, खरोखर झाला. मी मुलीचं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, हेही खरं.

"अरे देवा. पण मी नाव घातलं नव्हतं. गाव बदललं होतं. चिपळूणचं खेड केलं."

"मॅडम, चोरीची गाडी आमच्याकडं येते तेव्हा तिची नंबर प्लेट काढलेली असते. मालक ती दाराच्या पोच्यावरून ओळखतो. तुम्ही प्लेट काढलीत आणि पोचा छापलात."

"संपादकांना लगेच लेख हवा होता. प्रस्तावावर निर्णय व्हायच्या आत लोकांपर्यंत जायला हवं होतं. आणि त्याचा उपयोग झालाय. कंपनीचा प्रस्ताव मागं पडतोय. तुम्हालाही तेच हवं होतं ना?"

"हवं होतं. त्याची किंमत मी दिली असती. त्याच्याकडून का वसूल केलीत?"

"मी त्याच्याबद्दल एक वाईट शब्द लिहिलेला नाही."

"वाचायला यायचं ठरलं होतं."

मग म्हणाल्या, "वेळ नव्हता हो."

माझा आवाज चढला. सभागृहातले लोक बघायला लागले. बघू देत. दिघ्यातल्या एका मुलीकडे अख्खा वर्ग बघत होता, तेव्हा तिला आवाज चढवायची सोय नव्हती. मी त्यांना म्हणालो, झालं ते झालं, आता सौदा पुरा करा. गोडाऊनवर या, लेख सगळ्यांसमोर वाचा. मी कटरला आणतो, मुलीलाही आणायचा प्रयत्न करतो. तिला तुमच्या तोंडानं सांगा, की बाप हे सांगणार होता आणि तुम्ही त्याच्या आधी सांगितलंत. बापानं लपवलं म्हणून ती रागावली आहे. ते सांगणं कुणी त्याच्या हातातनं काढून घेतलं, हे तिला ठाऊकच नाही.

"येते," त्या म्हणाल्या. "नक्की येते."

मी बाहेर पडत होतो तर टाय लावलेला एक गृहस्थ मागून आला. तळोज्याच्या त्या कंपनीचा माणूस होता. मी भांडताना त्यानं ऐकलं होतं. कार्ड पुढं करून गोड आवाजात म्हणाला, "म्हणूनच आम्ही सांगतो, साहेब. आमच्या आवारात बाहेरचं कुणी येणारच नाही. अशा गोष्टी भिंतीच्या आतच राहतील."

"भिंतीच्या आत काय काय राहील ते मला नका सांगू," मी म्हणालो. "बाईंचा नि माझा सौदा फिसकटलाय. म्हणून मी तुमचं गिऱ्हाईक होत नाही." कार्ड मी घेतलं नाही.

बाई आल्या नाहीत. मी विद्यापीठात त्यांच्या खोलीपर्यंत दोनदा गेलो. एकदा मीटिंग होती, एकदा रजा. कंपनीचा प्रस्ताव पुढं बारगळला, त्यात बाईंच्या लेखाचा वाटा होता असं लोक म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही. पुढं त्यांचं पुस्तक आलं. त्यात मस्कतचं पूर्ण प्रकरण आहे, दंडासकट. ज्या वाक्यानं त्या मुलीकडे सगळा वर्ग वळला ते वाक्य, सगळं सांगून झाल्यावरसुद्धा, त्यांनी खोडलं नाही. सुरुवातीला आभार मानलेत, 'ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका दिलदार व्यावसायिकाचे'. मी दिलदार नाही. मी अट घातली होती.

कटर तळोज्याला दुसऱ्याच एका कारखान्यात लागला. तिथं त्याची हकीकत कुणाला ठाऊक नाही आणि जेवताना तो एकटा बसतो, असं मला एका टेम्पोवाल्यानं सांगितलं. मी दोनदा बोलवायला गेलो. तो म्हणाला, "शेठ, तुमच्याकडं मी सांगितलं होतं." मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. ज्या दिवशी तो तिला सगळं सांगणार होता तो दिवस तसाच उजाडला आणि गेला. पेढे आत्येनं वाटले. गोडाऊनवरही पाठवले.

त्याचा खिळा मी रिकामा ठेवलाय. काटाही जागेवर आहे, दांडीला वंगण आहे. तेव्हा मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर मला माफी नको, आभार तर नकोतच. तुम्ही जेवायला बसलात तिथं येऊन बसा, समोर त्या बापाला आणि मुलीला बसवा आणि एवढ्याचंच उत्तर द्या: त्याच्या मुलीला जी गोष्ट तो स्वतः सांगणार होता, ती त्याच्या आधी सांगायची परवानगी तुम्हाला कुणी दिली?

त्यानं दिली नव्हती. मी दिली नव्हती. तिसरा कोण होता ते सांगा.